अक्काच्या गुडघ्यासाठी आखूड क्रँक : पडवीतल्या वर्कशॉपमध्ये केलेलं काम, मापांसकट

उद्यमनगर_१ (कोल्हापूर)
७ जून, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. मी दिवसा शिवाजी उद्यमनगरात एका मशीन शॉपमध्ये कामाला असतो. घरी पडवीत १३ मिमीचं पिलर ड्रिल, एक मजबूत व्हाइस, टॅप-डायचा (आटे पाडायच्या हत्यारांचा) डबा आणि वडिलांच्या कानशी आहेत. सायकलची बारीकसारीक कामं मी तिथंच करतो. आज लिहितोय ते काम मात्र मला गेले चार महिने झोपू देत नव्हतं.

अक्का, म्हणजे माझी थोरली बहीण, अंगणवाडी सेविका आहे. घरापासून अंगणवाडी साडेतीन किलोमीटर, आणि सगळी वर्षं ती सायकलनंच गेली. दोन वर्षांपूर्वी गळिताच्या दिवसांत उसाच्या ट्रॉलीला बाजू देताना ती पडली आणि उजव्या गुडघ्याची वाटी फुटली. ऑपरेशन होऊन वाटी तारेनं बांधली. हाड जुळलं, पण गुडघा आखडला. व्यायाम करून करून तो आता १०० अंशांपर्यंत वाकतो, त्यापुढं जात नाही. चालता येतं, जिना चढता येतो, सायकल मात्र चालवता येत नाही. पायडल वर आलं की गुडघा अडतो आणि पायडल तिथंच थांबतं. गेलं वर्षभर ती पाऊण तास चालत जाते आणि पाऊण तास चालत येते, वर पोरांच्या खाऊचं ओझं.

पहिल्यांदा मी सीट वर केली. पायडल वर असताना गुडघ्याला जागा मिळाली, पण खाली गेलेल्या पायडलला पाय पुरेना. अक्का दोन्ही बाजूंना कंबर हलवत चालवायला लागली आणि अर्ध्या तासात पाठ धरली.

मग डोक्यात आलं की अडचण सीटची नाही, दांडीची आहे. क्रँकची, म्हणजे पायडल जिला जोडलेलं असतं त्या दांडीची, लांबी १७० मिमी, म्हणजे पायडल ३४० मिमी व्यासाच्या वर्तुळात फिरतं. दांडी १० मिमीनं आखूड केली तर वरचं पायडल १० मिमी खाली येतं आणि खालचं १० मिमी वर येतं. खालचं वर आलं म्हणजे सीट १० मिमी उचलता येते. मिळून वरच्या बाजूला गुडघ्याला २० मिमी मोकळे होतात. हा दुपटीचा हिशेब कागदावर मांडला त्या रात्री मी अक्काला उठवून सांगितलं होतं.

पण किती आखूड करायची? ते अंदाजानं ठरवायचं नव्हतं, कारण भोक एकदा पडलं की पडलं. म्हणून आधी चाचणीची पट्टी केली. ५० बाय १० मिमीची एमएस (साध्या लोखंडाची) पट्टी घेतली आणि तिच्यात पायडलचे आटे पाडलेली सहा भोकं केली, एक्सलपासून (दोन्ही दांड्यांना जोडणारा मधला दांडा) १००, ११०, १२०, १३०, १४० आणि १५० मिमीवर. एका ओळीत ती बसत नाहीत, भोकच सव्वाचौदा मिमीचं असतं. म्हणून दोन ओळींत, नागमोडी. ही पट्टी मूळ दांडीच्या पायडलच्या भोकात बोल्टनं आणि एक्सलजवळ यू-क्लॅम्पनं आवळली. पायडलचं टोक मागच्या दांडीला टेकू नये म्हणून मध्ये ५ मिमीचा वॉशर दिला. अशा दोन पट्ट्या, डावी आणि उजवी. मागचं चाक अधांतरी राहील अशी सायकल स्टँडवर बांधली, अक्काला बसवलं आणि एकेक भोक खाली उतरत गेलो. ही पट्टी फक्त उभ्या सायकलवर वापरायची. रस्त्यावर कुणी नेऊ नका.

मी बघत होतो तिच्या कमरेकडं. गुडघा अडला की माणूस "दुखतंय" म्हणत नाही, नकळत त्या बाजूचं ढुंगण सीटवरून उचलतो. १५० ला उचललं. १४० ला उचललं. १३० ला थोडं कमी. १२० ला पाय गोल फिरला, आणि अक्का काहीच न बोलता पाच मिनिटं पायडल मारत राहिली. मी पण काही बोललो नाही.

सायकलच्या मूळ दांड्या लोखंडी होत्या, मधे गोल आणि जेमतेम २० मिमी रुंद. त्यात पायडलचं भोक पाडलं तर दोन्ही अंगांना तीन-तीन मिमी धातू उरला असता, म्हणून त्या बाद केल्या. जुन्या बाजारात तीन चेनव्हीलचा भरीव अॅलॉय (अॅल्युमिनियमचा) क्रँकसेट मिळाला, चौकोनी टेपरचाच, म्हणजे एक्सलच्या चौकोनी निमुळत्या टोकावर बसणारा. त्याच्या दांड्या १२० मिमीच्या जागी ३० मिमी रुंद आणि १४ मिमी जाड आहेत. भोकाच्या दोन्ही अंगांना जवळजवळ आठ मिमी उरतात. त्यातच १३ मिमीचं भोक पाडून ९/१६ इंच, इंचाला २० असे आटे मारले. उजवीला सरळ, डावीला उलटे.

सध्या सायकल घराच्या बोळात फिरतेय. भोक कसं पाडलं आणि पहिली दांडी कशी वाया गेली, ते विचाराल तसं सांगतो.


घाटमाथा (सातारा)
७ जून, रात्री ११:०२

भावा, वाचून छातीत काहीतरी हललं. एक शंका. गुडघा फक्त उजवा आखडलाय ना? मग डावी दांडी १७० चीच ठेवली असती तर निदान एका पायाचा जोर तरी पूर्ण मिळाला असता. दोन्ही का कापल्या?


वाकण_९० (पुणे)
८ जून, सकाळी ७:२५

मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून घाटमाथा यांच्या प्रश्नाचं उत्तर मी देते.

निरोगी गुडघा साधारण १३५ अंश वाकतो. नेहमीच्या सायकलवर पायडल वर असताना त्यातले ११० च्या आसपास लागतात. यांच्या ताईंकडे १०० आहेत. पण १०० वाकतो म्हणून १०० पर्यंत रोज हजार वेळा वाकवायचा, असं करता येत नाही. काठावर काम केलं की सूज येते. माझ्या पेशंट्ससाठी मी निदान पाच अंश हातचे राखते.

आता एक बाजू की दोन्ही. फक्त उजवी दांडी ५० मिमीनं आखूड केली तर डाव्या पायाला खाली पोचायचंच असतं, त्यामुळे सीट उचलता येत नाही. उजव्या गुडघ्याला वर ५० मिमीच मिळतात. दोन्ही आखूड केल्या की सीट उचलल्याची भर पडते. या गुडघ्याला ती भर हवीच होती.

पण हा नियम सगळ्यांना लावू नका. काहींचा गुडघा पूर्ण सरळही होत नाही. अशा माणसाची फक्त दुखऱ्या बाजूची दांडी आखूड केली की खालच्या टोकालाही तो गुडघा वाकलेलाच राहतो, ताणला जात नाही, आणि ते त्याच्या सोयीचं असतं. आधी दोन्ही टोकांचे अंश मोजून घ्या. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) कुठल्याही फिजिओकडे असतो, मोजायला दोन मिनिटं लागतात.

आणि धागाकर्ते, कमरेकडे बघितलंत हे फार योग्य केलंत. आम्हालाही तेच बघायला शिकवतात. सीट किती उचलली?


उद्यमनगर_१
८ जून, रात्री ९:४०

ताई, मनापासून आभार. तुमचा पाच अंशांचा मुद्दा मी वहीत लिहून ठेवला.

सीट ५० मिमी उचलता आली असती, पण मी ३५ च उचलली. कारण वेगळं आहे. सीट वर गेली की थांबल्यावर पाय जमिनीला टेकत नाहीत, आणि पडण्याची भीती अक्काच्या मनात अजून आहे. ३५ ला दोन्ही पायांची बोटं टेकतात. लेडीज फ्रेम आहे, मधे आडवी दांडी नाही, त्यामुळे थांबताना ती सीटवरून पुढं सरकून उभी राहते. ५० आणि ३५ मिळून ८५ मिमी मिळाले. काल पायडल वर धरून मोजलं तर गुडघा ९५ अंशांवर आहे. म्हणजे तुमचे पाच अंश राखले गेलेत, त्या वेळी मला ते ठाऊक नसतानाही.

आता जोराचं. दांडी १७० ची १२० केली म्हणजे तरफ तीस टक्क्यांनी कमी झाली. मूळ गियर ठेवला असता तर तेवढाच वेग काढायला पायाला सव्वापटीपेक्षा जास्त, जवळजवळ दीडपट जोर लावावा लागला असता, आणि तो भार त्याच गुडघ्यावर. म्हणजे दांडी आखूड केली की गियर हलका करायलाच लागतो, ही दोन कामं वेगळी नाहीत. आधी पुढं ४४ दाती आणि मागं १८ दाती होतं. आता क्रँकसेटमधलं मधलं ३६ दाती चेनव्हील तेवढं ठेवलं, बाकीची दोन उतरवली आणि मागं २० दाती फ्रीव्हील चढवलं. पूर्वी पायडलच्या एका फेऱ्यात सायकल पाच मीटर जायची, आता पावणेचार मीटर जाते. पायाला लागणारा जोर जवळपास पूर्वीइतकाच राहिला. फेरे जास्त मारावे लागतात, पण वर्तुळ लहान आहे, पाय आपोआप भरभर फिरतो. मिनिटाला साठ फेरे धरले तर ताशी तेरा किलोमीटर होतात. अंगणवाडी पंधरा-सोळा मिनिटांत.

दोन किरकोळ गोष्टी राहिल्या. चेनव्हील उतरवल्यावर त्याचे बोल्ट लांब पडतात, आवळूनही सैल राहतात. आखूड बोल्ट घ्या नाहीतर वॉशर भरा. आणि मधल्या चेनव्हीलमुळं चेनची रेघ बाहेर जात होती, ती आखूड बीबी एक्सल (दांड्यांना जोडणारा तोच मधला दांडा) टाकून आत आणली. मागून एक डोळा मिटून बघितलं की चेन सरळ दिसली पाहिजे.


तिसरी_शिफ्ट (नाशिक, सातपूर)
९ जून, पहाटे १:१५

टूल रूममध्ये तेवीस वर्षं काढली आहेत. तुमचं काम आवडलं. पण सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही अजून लिहिलेली नाही, ती म्हणजे काटकोन.

पायडलचं भोक क्रँकच्या पृष्ठभागाशी काटकोनात असून चालत नाही. ते एक्सलच्या रेषेला समांतर लागतं. दांडीची जाडी टोकाकडे कमी होत जाते, त्यामुळे दांडी टेबलावर नुसती आडवी ठेवून भोक पाडलं की ते तिरपंच जातं. दिसत नाही, पण पाय ओळखतो. २ अंशांचा फरक म्हणजे १०० मिमी लांबीच्या पायडलच्या टोकाला साडेतीन मिमी. प्रत्येक फेऱ्यात घोटा डावी-उजवीकडे डुलतो आणि त्याचा पीळ गुडघ्यात जातो.

आमच्याकडे असतं तर मी दांडी लेथच्या फेसप्लेटवर (फिरत्या तबकडीवर) बांधली असती, भोक बोअर केलं असतं आणि आटेही तिथेच कापले असते. उलट्या आट्यांसाठी लीड स्क्रूची दिशा फिरवायची, म्हणजे टॅप शोधत हिंडावं लागत नाही. पिलर ड्रिलवर तुम्ही टेकू कशाचा धरला? पहिली दांडी यातच गेली का?


उद्यमनगर_१
९ जून, रात्री १०:३०

काका, अगदी यातच गेली. आणि नुसती दांडी गेली असती तर मला एवढं लागलं नसतं.

पहिली दांडी मी घाईत हँड ड्रिलनं पाडली. व्हाइसमध्ये धरली, डोळ्यानं काटकोन बघितला, आटे मारले, पायडल आवळलं. छान बसलं. अक्का दोन दिवस बोळात फिरली आणि तिसऱ्या दिवशी गुडघ्याच्या आतल्या बाजूला सूज आली. मला वाटलं गुडघा अजून तयार नाही. ती पण तेच म्हणाली, "राहू दे बाळ, माझंच नशीब." आठवडाभर सायकल तशीच पडून होती. मग एका रविवारी पायडल काढलं, त्या भोकात लांब स्टड (आट्यांचा सरळ दांडा) पिरगाळला आणि गुण्या लावला. स्टड सरळ सरळ कललेला. गुडघ्याचा काही दोष नव्हता, माझ्या भोकाचा होता. तो आठवडा तिनं स्वतःला दोष देत काढला, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या वेळी टेकू असा धरला. कारखान्यातून आलेल्या मूळ पायडलच्या भोकाभोवती जी मशीन केलेली सपाट कडा असते, ती त्या भोकाशी तंतोतंत काटकोनात असते. तीच माझी खूण. ती कडा खाली करून पॅरलल ब्लॉकवर टेकवली, दांडीचं दुसरं टोक हलू नये म्हणून खाली पॅकिंग दिलं आणि वरून क्लॅम्प केलं. म्हणजे दांडी तिरकी दिसली तरी चालेल, पण ती कडा टेबलाशी सपाट पाहिजे. आधी ५, मग ८, १०, १२ आणि शेवटी १३ चं ड्रिल. रॉकेल सोडत, सावकाश, चिप्स साफ करत. अॅल्युमिनियम ड्रिलला चिकटलं की भोक मोठं होतं.

टॅप सरळ जावा म्हणून ड्रिल काढून चकमध्ये टॅपच धरला आणि मोटर बंद ठेवून वरची पुली हातानं फिरवली. दोन-तीन आटे पकडले की टॅप आपल्या वाटेनं जातो, मग टॅप हँडल लावलं. पायडलची कॉलर टेकते तिथं २० मिमीचा स्पॉटफेस (सपाट गोल बैठक) केला. भोकाच्या दोन्ही कडांची धार काढली. १०० मिमीच्या स्टडवर आता अर्ध्या मिमीपेक्षा कमी फरक आहे.

उलटा टॅप कोल्हापुरात चार दुकानं फिरूनही मिळाला नाही. सायकलच्या सुट्या भागांच्या एका ठोक व्यापाऱ्यानं मागवून दिला, नऊ दिवस लागले.


तिसरी_शिफ्ट
१० जून, पहाटे १:४०

टेकू बरोबर धरलात. अर्धा मिमी पुष्कळ झाला.

डाव्या बाजूला उलटे आटे का, हे नवीन मुलं विचारतात म्हणून इथे लिहून ठेवतो. पायडलचा एक्सल भोकात किंचित सैल असतो आणि पायाचा भार त्याला दर फेऱ्यात भोकाच्या कडेनं गोल फिरवत नेतो. त्या लोळण्यानं एक्सल पायडल फिरण्याच्या उलट दिशेला सरकतो. डावीकडे सरळ आटे असते तर पायडल चालता चालता सुटून पडलं असतं. कुणी "डावीलाही सरळ टॅप मारून घट्ट आवळू" म्हणालं तर ऐकू नका.


सोयाबीन_पट्टा (लातूर)
१० जून, दुपारी २:०५

आमच्याकडं हे काम लोक असं करत नाहीत. लोखंडी दांडी मधून कापायची, नको तेवढा तुकडा काढायचा आणि दोन्ही टोकं वेल्ड करायची. एका तासाचं काम, दीडशे-दोनशे रुपये. माझ्या चुलत्यांना लहानपणी पोलिओ झालेला, त्यांच्या सायकलची दांडी अशीच केलेली, किती वर्षं चालली. एवढं ड्रिल, टॅप, गुण्या गरीब माणसानं कुठून आणायचं? तुमचं काम चांगलंच आहे, पण ज्याच्याजवळ काहीच नाही त्याला पण रस्ता पाहिजे.


तिसरी_शिफ्ट
१० जून, दुपारी ३:३०

सोयाबीन_पट्टा, तुमचा मुद्दा मी बाजूला सारत नाही. काकांची सायकल चालली, हे खरंच आहे. तरी मी हे करू नका असंच सांगेन, आणि त्याचं कारण देतो.

क्रँकची दांडी फोर्जिंग करून (तापवून, दाबून घडवून) बनवलेली असते, पोलादात कार्बन साध्या एमएसपेक्षा जास्त असतो. वेल्डच्या कडेची पट्टी झपाट्यानं थंड होते आणि ठिसूळ बनते. वरून जोड पक्का दिसतो. तडा त्या कडेत, आत सुरू होतो. आणि दांडी तुटते ती नेमकी जोर लावताना, म्हणजे माणूस पूर्ण वजन टाकून उभा असताना. ज्याचा एक पाय आधीच कमजोर आहे, त्याला सावरायला दुसरा पाय नसतो. शिवाय दांडीवर क्रोमचा मुलामा असला तर तो घासून न काढता केलेल्या वेल्डिंगचा धूर वेल्डरच्या फुप्फुसाला फार वाईट. तो वेल्डरही गरीबच असतो.

अॅलॉयची दांडी तर वेल्ड करूच नये. उष्णतेनं तिची ताकदच उतरते.

स्वस्तात करायचंच तर कापू नका, ठोकळा बांधा. ५० बाय २५ चा एमएस ठोकळा घ्यायचा, दांडी आत बसेल अशी खाच पाडायची, मागून जाड पट्टी आणि चार ८ मिमीचे हाय टेन्साइल बोल्ट. ठोकळ्यात पायडलचे आटे. दांडीला भोक नाही, वेल्ड नाही, नको झालं तर काढून ठेवता येतं. पायडल थोडं बाहेर जातं एवढाच तोटा. खाच कुठल्याही तालुक्याच्या वर्कशॉपमध्ये शेपरवर पडते. रेखाटन मी करून देतो.


सोयाबीन_पट्टा
१० जून, रात्री ८:२०

काका, हे पटलं. सावरायला दुसरा पाय नसतो, हे मी या बाजूनं कधी बघितलंच नव्हतं. रेखाटन द्या. इथल्या आयटीआयच्या सरांना दाखवतो, पोरांना प्रॅक्टिकलला असलं काम मिळालं तर बरंच.


एक_पाऊल (सोलापूर)
११ जून, सकाळी ६:५०

धागा रात्री वाचला आणि सकाळी उठून लिहायला बसलो.

माझा डावा पाय गुडघ्याखाली नाही. पुण्याच्या आर्टिफिशियल लिंब सेंटरमध्ये, वानवडीला, अनेकांना कृत्रिम पायावर चालायला शिकताना मी बघितलंय आणि तिथूनच सायकलची उमेद घेऊन आलो. माझी अडचण अक्कांच्या उलट आहे. गुडघा माझा उत्तम वाकतो, पण पाऊल पायडलवर आहे की घसरलंय हे कळत नाही. खाली बघावं लागतं, आणि रस्त्यावर खाली बघणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे.

मी पायडलला केलेला बदल सांगतो. ३ मिमी अॅल्युमिनियम पत्र्याची यू आकाराची कड वाकवली, ती पायडलच्या बाहेरच्या बाजूला आणि पुढे बोल्ट केली. पाऊल पुढे आणि बाहेर घसरत नाही, मागे आणि आत मोकळं. पट्टा बांधून बघितला होता, पण पडताना पाय सुटला नाही, तेव्हापासून बांधायचं सोडलं. दुसरं, घोटा नसल्यामुळे चवड्यानं पायडल मारण्यात अर्थ नाही. कड मी अशी बसवली की पायडलचा एक्सल पावलाच्या मध्यावर येतो. तिसरं, पायडलला खालून वजन लावलं, जुन्या कॉटर पिनांचे (दांडी एक्सलला अडकवणाऱ्या खिळींचे) तुकडे. पायडल आपोआप कड वर करून थांबतं, पाय ठेवायला शोधावं लागत नाही.

पत्रा वाकवताना वळणाची त्रिज्या पत्र्याच्या जाडीच्या निदान दुप्पट ठेवा. मी पहिल्यांदा काटकोनात दुमडला, दोन महिन्यांत घडीवर चीर गेली.

उद्यमनगर, एक मागणं आहे. ती चाचणीची पट्टी नीट ठेवा. ती खूप जणांच्या कामाची आहे.


डबलसीट (ठाणे)
१२ जून, रात्री ९:१५

माझ्या मुलासाठी १७० ची १४० करायची आहे, वय नऊ. घरात हायब्रिड सायकलची महागडी क्रँक पडून आहे. तिला भोक पाडू का?


उद्यमनगर_१
१२ जून, रात्री ९:५०

आधी टिचकी मारून आवाज ऐका आणि वजन करा. महागड्या क्रँक बऱ्याचदा आतून पोकळ असतात, त्यांना भोक पाडायचं नाही. कार्बनच्या क्रँकला तर ड्रिल जवळही न्यायचं नाही. भरीव असेल तर १४० च्या जागी व्हर्नियर लावून रुंदी मोजा. २८ मिमीच्या खाली असेल तर सोडून द्या. जुन्या आणि नव्या भोकाच्या केंद्रांत निदान २५ मिमी पाहिजेत, तुमचे ३० येतात, ठीक आहे. पण खरं सांगू का? मुलांसाठी १४० आणि १५० च्या दांड्या तयार मिळतात. मिळत असतील तर त्याच घ्या. मला १२० ची मिळाली असती तर मीही भोक पाडलं नसतं.


वाकण_९०
१३ जून, सकाळी ७:१०

डबलसीट, नऊ वर्षांच्या मुलाला १४० योग्य आहे. धागाकर्ते, ताई रस्त्यावर कधी निघणार?


उद्यमनगर_१
२१ जुलै, रात्री १०:००

उशिरा लिहितोय. मधे पावसानं पंचगंगा पात्राबाहेर होती, दोन आठवडे रस्ताच पाण्यात.

रस्त्यावर काढण्याआधी तीन गोष्टी केल्या. जुन्या भोकाकडचं शेपूट घोट्याला लागत होतं, ते नव्या भोकाच्या कडेपुढं १५ मिमी ठेवून हॅकसॉनं कापलं आणि कानशीनं गोल केलं. आता त्या तुकड्यावर कसलाच भार नाही. मग सायकल भिंतीला टेकवून, ब्रेक दाबून, माझं ८४ किलो वजन एकेका पायडलवर टाकून उड्या मारल्या, प्रत्येक बाजूला पन्नास. आणि शेवटी तडा तपासला. आमच्या शॉपला लागून फाउंड्री आहे, तिथं ओतकामाला डाय पेनिट्रंट मारतात. लाल रंग लावायचा, पुसायचा, वरून पांढरा डेव्हलपर, तडा असेल तर लाल रेघ उमटते. दोन्ही दांड्या स्वच्छ निघाल्या. ज्यांच्याकडं हे नाही त्यांनी रॉकेल आणि खडू वापरा. दांडी रॉकेलमध्ये बुडवून ठेवायची, कोरडी पुसायची, वर खडूची पूड चोळायची आणि थोडं ठोकायचं. तड्यातलं रॉकेल बाहेर येऊन पूड ओली होते. माझे वडील असंच करायचे. दर महिन्याला एकदा करणार आहे, आणि तारीख पडवीच्या भिंतीवर लिहितोय.

६ जुलैला अक्का अंगणवाडीला सायकलनं गेली. मी मागून मोटरसायकलवर होतो. ओढ्याच्या चढाला ती उतरेल असं वाटलं होतं. उतरली नाही. सीटवर बसून, भरभर पायडल मारत वर गेली. अंगणवाडीच्या दारात पोरं उभी होती. त्यांनी तिला सायकलवर कधी बघितलंच नव्हतं, ती सगळी तिच्या आजारपणानंतरची पोरं.

आता ती रोज जाते. सूज नाही. शुक्रवारी फिजिओनं मोजलं तर गुडघा १०४ अंश वाकला. चार अंश कसे वाढले ते वाकण_९० ताईच सांगू शकतील.


वाकण_९०
२२ जुलै, सकाळी ७:३०

वाचून डोळे भरून आले. रोज दोन वेळा, कमी भारावर, दुखणार नाही एवढ्या टप्प्यात गुडघा हजारो वेळा वाकतोय. याच्यापेक्षा चांगला व्यायाम मी लिहून देऊ शकले नसते. पण १०४ झाले म्हणून लगेच सीट खाली आणू नका. निदान तीन महिने हीच मापं ठेवा. मग १०८-११० पर्यंत गेले तर १३० ची दांडी बघता येईल.

आणखी एक विचारायचं होतं. मिरजेला माझे एक पेशंट आहेत, हमाली करायचे, गुडघा ९० वर अडलाय. सायकल आहे, काळी, २८ इंची, कॉटर पिनची. तुमची चाचणीची पट्टी तिच्यावर बसेल का?


उद्यमनगर_१
२२ जुलै, रात्री ९:२०

बसेल. यू-क्लॅम्प तेवढा मोठा लागेल, जुन्या दांडीचं एक्सलकडचं टोक जाड असतं. उद्या तो बनवतो. ९० अंशांच्या गुडघ्याला कदाचित १०० मिमीचं भोकही पुरणार नाही, म्हणून पट्टीत ९० मिमीवर एक भोक वाढवतोय. ही पट्टी तिथं फक्त स्टँडवर मोजायला. मिरज काही लांब नाही, रविवारी सकाळच्या गाडीनं मीच घेऊन येतो. त्यांना सांगा, सायकलची मागची बाजू उचलून ठेवायला दोन विटा आणि एक दोरी तयार ठेवा, आणि रोजच्या चपला घालूनच बसा. चपलेच्या तळव्याची जाडीसुद्धा मोजावी लागते.